क्रेट परत जातो, मग पिशवी का नाही?



"माझा कचरा, माझी जबाबदारी" हे वाक्य मला हल्ली ऐकवत नाही. ते भिंतींवर रंगवलेलं असतं, सोसायटीच्या फलकावर असतं, भोंग्यातून येतं. सोबत चित्र असलं तर त्यात एक बाई असते. पदर खोचलेली, हसतमुख, एका हातात हिरवी बादली, दुसऱ्या हातात निळी. इतक्या वर्षांत त्या चित्रात मी एकही पुरुष पाहिला नाही, ते एक असो. पण ज्यानं ती वस्तू बनवली, विकली आणि त्यावर पैसा कमावला, तो कारखानदारही त्या चित्रात कधी नसतो. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

कचरा वेगळा करायला माझी ना नाही. आपल्या घरांत ते शिकवावंही लागत नाही. धान्य निवडणं, पीठ चाळणं, पाणी गाळणं, पालेभाजी उजेडात धरून पानन् पान बघणं, यात आपली निम्मी हयात गेली. ताटात टाकायचं नाही, ताट धुऊन ते पाणी प्यायचं, असं वागणारी माणसं आपल्या नात्यात अजून आहेत. तेव्हा दोन बादल्यांचं आपल्याला ओझं नाही. अडचण अशी आहे की घरात येणाऱ्या कितीतरी वस्तू वेगळ्या करताच येणार नाहीत अशा बनवलेल्या असतात, आणि मग आपल्याला सांगितलं जातं, बायांनो, नीट वेगळं करा.

एकदा मी सुक्या कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर ओतून हिशेबाला बसले. (बी.कॉम.ची खोड, जात नाही.) सगळ्यात वर बिस्किटांचे पुडे. बाहेरून छपाई, आतून चांदीसारखा थर. प्लास्टिक आणि धातूचा अगदी पातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले की ते पुन्हा सोडवता येत नाहीत. भंगारवाला त्याला हातही लावत नाही. मग यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, एका बाजूला प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम. आमच्या वयाच्या घरात ही पाकिटं महिन्याला मूठभर निघतात. सुक्यात टाकावीत की औषधाचा कचरा म्हणून वेगळी ठेवावीत, आणि वेगळी ठेवली तर न्यायला कोण येणार?

नंतर हात धुण्याच्या साबणाची बाटली. बाटली एका जातीच्या प्लास्टिकची, भंगारात जाते. पण तिच्या पंपाच्या पोटात लोखंडी स्प्रिंग बसवलेली. ती काढायला मी पक्कड घेतली, सुरी घेतली, शेवटी हात कापून घेतला. मग शेजारच्या वहिनी म्हणाल्या, भरणाची पिशवी आणत जा, पर्यावरणाला चांगली असते. आणली. पिशवीवर हिरवं पान छापलेलं आणि "पृथ्वी वाचवा" असा उपदेश. ती बारकाईनं पाहिली तर तीही थरांची! म्हणजे पानाचं चित्र नसलेली बाटली भंगारात विकली जाते आणि पानाचं चित्र असलेली पिशवी कचऱ्यात जाते. याला काय म्हणावं, मला शब्द सापडत नाही.

आणि हार. आमचं टिटवाळा गणपतीचं गाव. अंगारकीला स्टेशनपासून देवळापर्यंतचा रस्ता माणसांनी भरून वाहतो आणि दोन्ही बाजूंना हारांची दुकानं. पूर्वी हार सुती दोऱ्यात ओवलेला असायचा. आता दोरा नायलॉनचा, फुलांच्या मधे प्लास्टिकच्या नळीचे तुकडे, खाली चमकीचा गोंडा. निर्माल्य वेगळं ठेवा, त्याचं खत होतं, असं सगळीकडे सांगतात. कसं होणार? एकेक फूल दोऱ्यातून ओढून काढायचं का? फूल चार दिवसांत मातीला मिळतं, दोरा आपल्या नातवंडांनंतरही तसाच राहील. हार बनवणाऱ्या बाईला मी दोष देत नाही, तिला बाजारात जो दोरा स्वस्त मिळतो त्यात ती ओवते. पण असा दोरा विकायला काढणाऱ्याला कुणी काही विचारलं का?

तुम्ही म्हणाल, सरकारनं विचारायला हवं. सरकारनं विचारलं होतं. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत असं लिहिलं होतं की पुन्हा वापरात न आणता येणाऱ्या थरांच्या वेष्टनांचं उत्पादन दोन वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद करायचं. मी मनात म्हटलं, चला, २०१८ ला बिस्किटाचा पुडा सुधारेल. २०१८ साली पुडा काही सुधारला नाही, नियम मात्र सुधारला. त्यात शब्द वाढवले: जे पुन्हा वापरता येत नाही, किंवा ज्यापासून ऊर्जा मिळवता येत नाही, किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही, असं वेष्टन. आता प्लास्टिक जाळलं की उष्णता निघतेच. सिमेंटच्या भट्टीत टाकलं की झाली ऊर्जा. एका ओळीच्या दुरुस्तीनं सगळे पुडे पुन्हा पवित्र झाले. कायद्याची भाषा कुठे आवळायची आणि कुठे सैल सोडायची, हे वाण्याच्या घरात जन्मलेल्या मला कळतं हो.

त्यानंतर २०२२ मध्ये नवी पद्धत आली. उत्पादकानं बाजारात जेवढं प्लास्टिक सोडलं तेवढ्याची विल्हेवाट लावल्याची प्रमाणपत्रं दाखवायची. स्वतः गोळा करायची सक्ती नाही, प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेतलं तरी चालतं. कल्पना वाईट नाही. पण कागदावर माल दाखवून बिल फाडणं आपल्या देशात नवीन आहे का? २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली. आणि आपण इथे पंपातली स्प्रिंग पकडीनं उपटत बसलोय.

सार्वजनिक सोयींची गत तीच. एका मोठ्या रेल्वे स्थानकावर (नाव सांगत नाही) दोन भोकांची सुंदर स्टीलची कचरापेटी पाहिली. एका भोकावर ओला, दुसऱ्यावर सुका. केळ्याची साल एका हातात, बाटली दुसऱ्या हातात घेऊन मी वाकून पाहिलं, तर आत पिशवी एकच! ही पेटी कुणीतरी आखली असेल, कुणीतरी मंजूर केली असेल, कुणीतरी बिल पास केलं असेल. एकालाही आत वाकून पाहावंसं वाटलं नसेल? लेकीच्या शहरात तर दोन बादल्या दोन हातांनी नेऊन दिल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडीवरच्या माणसानं दोन्ही एकाच हौद्यात उलट्या केल्या. त्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, गाडीत कप्पा एकच आहे." त्याचं बरोबर होतं. गाडी विकत घेणाऱ्याचं चुकलं होतं.

कल्याण-डोंबिवलीचा इतिहास आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आधारवाडीच्या डोंगराला लागणाऱ्या आगी आणि कल्याणच्या खाडीकडून येणारा तो वास ज्यांनी अनुभवला त्या विसरणार नाहीत. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं कचऱ्याची शास्त्रीय व्यवस्था नाही म्हणून इथल्या नव्या बांधकामांच्या परवानग्यांनाच स्थगिती दिली होती. २०२० मध्ये शून्य कचरा मोहीम सुरू झाली ती रामदास कोकरे यांच्यामुळे, ज्यांनी आधी वेंगुर्ल्यात कचऱ्याचे वीसहून जास्त प्रकार वेगळे करून डम्पिंगच्या जागेची बाग केली होती. २०२१ मध्ये आधारवाडीला कचरा टाकणं बंद झालं. हे काम झालं, ते मान्य करायलाच हवं. पण त्या साऱ्या मोहिमेत सवय बदलली ती घरातल्या बाईनं आणि घाणीत हात घातला तो सफाई कामगारानं. पुडा बनवणाऱ्याच्या कारखान्यात एक यंत्रही बदललं नाही.

आता ज्या वस्तूवर मला खरं लिहायचं आहे त्या दुधाच्या पिशवीकडे येते.

ही पिशवी बिस्किटाच्या पुड्यासारखी नाही. आपली रोजची दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, चांगल्या मालाची असते, वितळवून पुन्हा वापरता येते. तिच्यात बिघाड दोनच आहेत. एक म्हणजे कोपरा. कात्रीनं कोपरा उडवला की नखाएवढा तुकडा ओट्यावर, तिथून मोरीत, तिथून गटारात. तो कुठल्याही गाडीत जमा होत नाही. (कोपरा पूर्ण कापू नका, लोंबता ठेवा, हे मी पूर्वीही लिहिलं होतं आणि तुमच्यापैकी पुष्कळजणी तसं करता. पण कोट्यवधी घरांतल्या कात्र्या सुधारायच्या की पिशवीला फाडण्यासाठी बरी जागा ठेवायची, यातलं सोपं काय?) दुसरा बिघाड म्हणजे रिकामी पिशवी परत घ्यायला कुणी नाही.

परत घेण्याचा नियम मात्र आहे! २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाच्या पिशव्यांना सूट दिली ती या अटीवर, की पिशवीवर परतीची किंमत छापायची आणि ती किमान ५० पैसे असायची. २०१९ च्या जूनमध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितलं, राज्यात रोज सुमारे १ कोटी पिशव्या वापरल्या जातात, त्यांचा ३१ टन प्लास्टिक कचरा होतो आणि महिन्याभरात ५० पैशांची योजना लागू होईल. तो महिना अजून संपायचा आहे. तुमच्यापैकी एकीला तरी पिशवी परत करून ५० पैसे मिळाले असतील तर मला जरूर कळवा, मी पेढे पाठवीन.

हे आकडे घेऊन मी वही उघडली. ३१ टन भागिले १ कोटी म्हणजे एक पिशवी साधारण ३.१ ग्रॅमची. एक किलो व्हायला ३२२ पिशव्या लागतात. आमच्याकडे रोज दोन पिशव्या येतात, म्हणजे किलोभर जमायला पाच महिन्यांच्या वर. रोज धुवायच्या (न धुतली तर आत राहिलेल्या दुधाला मुंग्या, आणि मग त्या जीवांचं काय?), दोरीवर चिमट्यानं वाळवायच्या, पाच महिने साठवायच्या आणि शेवटी भंगारवाला हातावर वीस रुपयेही ठेवत नाही. कुठली बाई हे करील, आणि का करावं? त्याच ३२२ पिशव्या ५० पैशांनी परत गेल्या असत्या तर १६१ रुपये झाले असते. मग आमच्या कामवाल्या मावशींनीच घरोघरच्या पिशव्या जमवल्या असत्या. रस्त्यावर एक पिशवी पडलेली दिसली नसती, आणि पांजरापोळात गाईच्या पोटातून प्लास्टिकचे गोळे निघतात म्हणून आपण हळहळत देणगी देतो, तिची गरज थोडी तरी कमी झाली असती.

कुणी म्हणेल, भारतात असल्या परतीच्या योजना चालत नाहीत. चालत नाहीत? तुमच्या स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर बघा. १४.२ किलोचा. भरलेला येतो, रिकामा परत जातो, अनामत कंपनीकडे जमा. कोट्यवधी घरांत, चौथ्या मजल्यापर्यंत, खेड्यापाड्यांत. रिकामा सिलिंडर कुणी उकिरड्यावर फेकलेला तुम्ही पाहिलात? तिथे कुणाला "माझा सिलिंडर, माझी जबाबदारी" अशी भिंत रंगवावी लागली नाही.

दूधही असंच होतं. लहानपणी मी सुट्टीत दादरला मामांकडे जायचे. पहाटे आरे केंद्रावर रांग, हातात रिकाम्या धुतलेल्या काचेच्या बाटल्या. रिकामी द्या, भरलेली घ्या. बाटलीवर पातळ पत्र्याचं बूच, ते मामी साठवून ठेवायची. काच जड, फुटते, ती धुवायला गरम पाणी लागतं, हे सगळं मला कळतं. काच परत आणा असं मी म्हणत नाही. रांग आणि बाटली गेली ते ठीक, पण रिकामं परत घेण्याचा रिवाजही तिच्याबरोबर का गेला?

आणखी एक उदाहरण देते, माझ्या तोंडी ते शोभत नाही तरी. तमिळनाडूत दारूची दुकानं सरकारी. नीलगिरीच्या जंगलात फुटक्या बाटल्यांनी हत्तींचे पाय कापले जाऊ लागले. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये तिथे प्रत्येक बाटलीमागे १० रुपये जास्त घ्यायला सुरुवात झाली, बाटली परत आणली की १० रुपये परत. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. पिणारा माणूस, ज्याला घराची वाट सापडत नाही असं आपण म्हणतो, त्याला बाटली परत करायची वाट सापडते आणि दूध पिणाऱ्यांना सापडणार नाही?

आमच्या आजीकडे, सांगलीकडच्या गावात, विहीर होती. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं हे तुम्हा सर्वांना ठाऊकच आहे. पण गाळून काम संपत नसे. फडक्यावर जे राहिलं, डोळ्यांना दिसणारे न दिसणारे जीव, ते गाळलेल्या पाण्यानं हलकेच धुऊन ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचं. ती जिवाणी वरून ओतायची नाही, आपटून जीव मरतील. त्यासाठी बादलीच्या तळाला एक कडी असायची. बादली पाण्याला टेकली की त्या कडीच्या जोरावर ती अलगद कलंडायची. किती साधी वस्तू! पण ती बनवणाऱ्यानं पाणी वर कसं येईल एवढाच विचार केला नव्हता, उरलेलं खाली कसं जाईल याचाही केला होता. आजच्या पंपाच्या बाटलीत आणि दुधाच्या पिशवीत हा दुसरा अर्धा विचारच नाही.

आणि दोषाचं म्हणाल तर आपल्याकडे त्याची मोजणी बारीक आहे. कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला मनानं संमती देणं, तिन्हींचा बंध. घंटागाडीची भाषा फक्त कृत जाणते: पिशवी टाकली कुणी, तर हिनं. पण टाकण्यावाचून दुसरा मार्गच नसेल अशी वस्तू ज्यानं घराघरांत पोचवली त्याचं कारित कुठल्या खात्यात लिहायचं? नियम करून तो पाळला जातो का हे न बघणाऱ्यांची अनुमोदना कुठल्या खात्यात? नफा एकाच्या वहीत आणि खर्च दुसरीच्या वहीत, असा ताळेबंद कुठल्याच चार्टर्ड अकाउंटंटनं सही करून दिला नसता.

पुण्याच्या कचरावेचक बायकांना हे आपल्या आधी कळलं. "स्वच्छ" ही त्यांची सहकारी संस्था. उघडे सॅनिटरी पॅड हातांनी वेगळे करून करून त्या विटल्या, आणि २०१३ साली त्यांनी ते भरून थेट मोठ्या कंपन्यांना परत पाठवले. २०१६ च्या घनकचरा नियमांत प्रत्येक पॅडसोबत गुंडाळायला वेष्टन देणं उत्पादकावर बंधनकारक झालं. आपल्या लेकीसुनांना विचारून पाहा, प्रत्येक पुड्यात ते असतं का.

आमचे हे म्हणतात, ५० पैसे लावले तर दूध महाग झालं म्हणून तूच ओरडशील. दिवसाला दोन पिशव्या, महिन्याचे ३० रुपये, आणि ते परत मिळणारे. दुधाचे दर दोन दोन रुपयांनी वाढतात तेव्हा कुणी आमची परवानगी घेत नाही. आणखी एक आक्षेप असा की परत आणायला गाड्या कुठून आणायच्या, खर्च किती.

याचं उत्तर मला आमच्या दूधवाल्या दादानं दिलं. पहाटे तो क्रेट उतरवत होता तेव्हा विचारलं, या क्रेटांचं पुढे काय होतं? म्हणाला, "काकू, उद्या हेच क्रेट मोजून परत द्यायचे. एक कमी पडला तर माझ्या बिलात लावतात." मग पिशव्या? तो हसला. "पिशव्यांचं मला आजवर कुणी विचारलंच नाही." डेअरीचा टेम्पो रोज सकाळी भरून येतो आणि रिकामे क्रेट एकावर एक रचून, दोरीनं बांधून, परत जातो. क्रेटांच्या आत नुसती हवा असते.